भाड्याची मोटार, कंपनी आणि ग्राहक आयोग

निपाणीच्या स्टँडवरून कोल्हापूरला किंवा बेळगावला भाड्याची मोटार करावयाची, हा व्यवहार आपल्याकडे दोन पिढ्या चालत आला आहे. मोटारीचा मालक ओळखीचा असतो, दर तोंडी ठरतो, आणि त्याने वाटेत अडवणूक केलीच तर दुसऱ्या दिवशी बाजारात त्याची गाठ पडते. अशा तंट्याचा निकाल बहुधा स्टँडवरची चार माणसे लावतात. भीड आणि पत ही दोन साधने तेथे पुरेशी असतात.

परंतु हाच व्यापारी बेंगळूरु, पुणे वा मुंबई येथे उतरला की ओला, उबर यांसारख्या कंपनीच्या ॲपवरून मोटार बोलावतो. ओला कंपनी २०१० साली सुरू झाली, उबर २०१३ साली भारतात आली. तेव्हापासून मोठ्या शहरांतील भाड्याच्या मोटारींचा बराच व्यवहार या मार्गाने होऊ लागला आहे. येथे दर यंत्र ठरवते, चालक यंत्र नेमते आणि तक्रार केली तर उत्तरही पुष्कळदा यंत्रच देते. चालक म्हणतो, ‘मला काही ठाऊक नाही, कंपनीला विचारा’. कंपनी म्हणते, ‘आम्ही केवळ मध्यस्थ, मोटार आमची नव्हे, चालकही आमचा नोकर नव्हे’. मग शे-दोनशे रुपये गेले म्हणून सोडून देण्यावाचून प्रवाशाच्या हाती काय उरते? कायद्याने त्याच्या हाती बरेच काही दिले आहे. मात्र त्यात व्यापाऱ्यासाठी म्हणून एक खाचही आहे, आणि त्या खाचेचा विचार आपल्या वर्गाने विशेष काळजीने केला पाहिजे.

प्रथम एक प्रत्यक्ष प्रकरण पाहू. १२ जून २०१८ रोजी डोंबिवली येथील एका वकील महिलेस मुंबईहून चेन्नईस विमानाने जावयाचे होते. विमान सायंकाळी ५ वाजून ५० मिनिटांनी सुटावयाचे होते आणि विमानतळ घरापासून सुमारे ३६ किलोमीटर अंतरावर होता. त्यांनी ३ वाजून २९ मिनिटांनी उबरची मोटार मागविली. वारंवार फोन केल्यावर चालक चौदा मिनिटांनी आला. तो फोनवर बोलत होता व त्याचे बोलणे संपल्यावरच गाडी निघाली. वाटेत त्याने चुकीचे वळण घेतले आणि गाडी सी.एन.जी. भरण्यासाठी पंपावर नेली. त्यात आणखी पंधरा-वीस मिनिटे गेली. विमानतळ गाठला तेव्हा ५ वाजून २३ मिनिटे झाली होती. विमान चुकले आणि पुढच्या विमानाचे तिकीट पदरचे पैसे खर्चून घ्यावे लागले. मोटार मागविताना भाडे ५६३ रुपये दाखविले होते, प्रत्यक्षात ७०३ रुपये आकारण्यात आले. या जादा रकमेबद्दल जाहीर तक्रार केल्यावर कंपनीने १३९ रुपये परत केले. विमान चुकल्याविषयी मात्र आपली जबाबदारी नाही, अशी भूमिका तिने घेतली.

प्रकरण ठाणे येथील अतिरिक्त जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगापुढे गेले. कंपनीचा बचाव ठरलेलाच होता: आम्ही प्रवासी व चालक यांची गाठ घालून देतो, प्रवासाची सेवा चालक देतो. आयोगाने तो मान्य केला नाही. ॲप कंपनीचे, त्यावरील सारे नियंत्रण व व्यवस्थापन कंपनीचे आणि प्रवाशाचा पैशाचा व्यवहार कंपनीशी. तेव्हा सेवेतील त्रुटीची जबाबदारीही कंपनीचीच, असा निर्णय २०२२ मध्ये झाला. मानसिक त्रासापोटी दहा हजार आणि दाव्याच्या खर्चापोटी दहा हजार रुपये देण्याचा आदेश झाला.

मुंबईतील दुसरे प्रकरण याहूनही लहान रकमेचे आहे. जून २०२१ मध्ये कांदिवलीहून काळाचौकीस जाण्यासाठी ओलाची मोटार करणाऱ्या प्रवाशास भाडे ३७२ रुपये दाखविले गेले आणि ४३४ रुपये घेतले गेले. फरक केवळ ६२ रुपयांचा. जिल्हा ग्राहक आयोगाने त्यास दहा हजार रुपये भरपाई व पाच हजार रुपये खर्च देवविला. येथे एक गोष्ट नजरेआड करून चालणार नाही. या दोन्ही प्रकरणांतील तक्रारदार स्वतः वकील होते. ज्यास न्यायालयाची वाट पायाखालची आहे तोच बासष्ट रुपयांसाठी ती चालतो. इतरांस ‘शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये’ ही म्हण आठवते. वस्तुतः ग्राहक आयोगापुढे वकील देण्याची सक्ती नाही, तक्रारदारास आपली बाजू स्वतः मांडता येते, ही सोय कायदा करणाऱ्यांनी अशाच माणसांसाठी ठेविली होती.

मध्यस्थपणाचा बचाव आपल्याच देशात ढासळला असे नाही. बार्सिलोना येथील टॅक्सीवाल्यांच्या संघटनेने चालविलेल्या दाव्यात युरोपीय संघाच्या न्यायालयाने २० डिसेंबर २०१७ रोजी असे ठरविले की, उबरचा व्यवसाय हा केवळ माहिती पुरविण्याचा नसून वाहतुकीच्या क्षेत्रातील सेवेचा आहे. कॅनडातील प्रकरण तर करारनाम्यांवर सह्या करण्याची सवय असलेल्या प्रत्येक व्यापाऱ्याने लक्षात ठेवण्यासारखे आहे. तेथे खाद्यपदार्थ पोहोचविणाऱ्या एका चालकाने कंपनीवर दावा केला, तेव्हा कंपनीने करारातील अट पुढे केली: तंटा लवादापुढे जाईल आणि लवाद नेदरलँड्समध्ये बसेल. लवाद सुरू करण्याचीच फी साडेचौदा हजार अमेरिकी डॉलर होती. कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने २६ जून २०२० रोजी ही अट अन्यायमूलक म्हणून रद्दबातल ठरविली. आपल्याकडे याच अर्थाचे संरक्षण ग्राहकास आधीच मिळाले आहे. करारात लवादाची अट असली तरी ग्राहक आयोगाचा दरवाजा बंद होत नाही, हे आपल्या सर्वोच्च न्यायालयाने एमार एम.जी.एफ. विरुद्ध आफताब सिंग या प्रकरणात १० डिसेंबर २०१८ रोजी स्पष्ट केले. तेव्हा ॲपवरील ‘मान्य’ या शब्दावर बोट टेकविले म्हणून सारे हक्क गेले, अशी समजूत करून घेण्याचे कारण नाही.

पाश्चात्त्य देशांत अशा किरकोळ रकमांच्या दाव्यांसाठी वेगळी न्यायालये असतात. कॅलिफोर्नियात तर अशा सुनावणीत वकिलास सामान्यतः प्रवेशच नाही. आपल्याकडेही लघुवाद न्यायालये आहेत. महाराष्ट्रात मुंबई शहराबाहेर त्यांचा पाया १८८७ चा कायदा, तर कर्नाटकाचा स्वतःचा कायदा १९६४ चा. म्हणजे कोगनोळीचा नाका ओलांडला की कायद्याचे पुस्तकही बदलते. तथापि प्रवाशाच्या तक्रारीस या न्यायालयांपेक्षा ग्राहक आयोगच अधिक सोयीचा, आणि तेथे सीमेच्या अलीकडे व पलीकडे कायदा एकच आहे.

आता आपल्या भागातील वाचकास सर्वांत महत्त्वाचा प्रश्न. मोटार बेंगळूरुला केली, लुबाडणूक बेंगळूरुला झाली, कंपनीची कचेरीही दूर शहरात. मग निपाणीच्या माणसाने पाचशे किलोमीटरहून अधिक प्रवास करून तारखा कराव्यात काय? १९८६ च्या जुन्या ग्राहक संरक्षण कायद्यात बहुधा तसेच करावे लागे. विरुद्ध पक्षाचे वास्तव्य, व्यवसाय वा शाखा जेथे, किंवा तक्रारीचे कारण जेथे घडले, तेथेच तक्रार दाखल होई. बासष्ट रुपयांच्या तक्रारीसाठी दोन हजारांचे प्रवासभाडे कोण घालील? कंपन्यांना या अंतराचेच मोठे संरक्षण होते. २० जुलै २०२० पासून अमलात आलेल्या २०१९ च्या कायद्याने ते काढून घेतले. कलम ३४ प्रमाणे तक्रारदार स्वतः जेथे राहतो किंवा जेथे स्वतः काम करून अर्थार्जन करतो, त्या जिल्ह्याच्या आयोगातही आता तक्रार करता येते. निपाणीकरास बेळगावचा जिल्हा आयोग हा त्याचा स्वतःचा आयोग झाला.

सीमेवरील वस्तीमुळे यात एक गमतीचा, पण उपयुक्त प्रकार संभवतो. घर कागलला आणि पेढी निपाणीला, असे कित्येक व्यापारी आहेत. जो स्वतः पेढीवर बसतो, त्यास वास्तव्याच्या आधारे कोल्हापूरचा आयोग आणि अर्थार्जनाच्या आधारे बेळगावचा आयोग, असे दोन्ही मार्ग मोकळे दिसतात. निवड करताना भाषेचा विचार करणे शहाणपणाचे ठरेल. कोल्हापुरात मराठी कागदपत्रे चालून जातील. बेळगावात तक्रार इंग्रजीत वा कन्नडमध्ये करावी आणि मराठी कागद जोडल्यास त्याचे भाषांतरही सोबत द्यावे. भाषेच्या प्रश्नावर आपल्या भागात पुष्कळ वाद झाले आहेत. पण तक्रार फेटाळली जाण्याचे निमित्त आपण होऊन कोणास का द्यावे?

यापुढे ती खाच. ग्राहक संरक्षण कायदा ‘ग्राहका’स संरक्षण देतो, आणि व्यापारी हेतूने सेवा घेणारा मनुष्य या व्याख्येतून वगळलेला आहे. सेवांच्या बाबतीत हे वर्जन १५ मार्च २००३ पासून आले. जुन्या कायद्यात त्यास एक अपवाद होता: स्वयंरोजगाराने उपजीविका करण्यासाठीच घेतलेली वस्तू वा सेवा व्यापारी हेतूची समजू नये. २०१९ च्या कायद्यातील स्पष्टीकरण वाचले तर तेथे केवळ ‘वस्तू’ उरल्या आहेत, ‘सेवा’ हा शब्द नाही. लहान दुकानदारावर याचा काय परिणाम होतो हे उघड आहे. शिलाईयंत्र विकत घेणारा शिंपी या अपवादाचा आधार घेऊ शकतो. उधारीच्या वसुलीसाठी बेंगळूरुस जाऊन मोटार करणाऱ्या दुकानदारास त्या अपवादाचा उघड आधार राहिला नाही. हे गळणे हेतुपुरस्सर असो वा अनवधानाने, लहान व्यापाऱ्याच्या दृष्टीने ते गैर आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे; आणि व्यापारी संघटनांनी सरकारदरबारी हा विषय नेटाने मांडावयास हवा.

म्हणून व्यापाऱ्याने हात टेकावेत असे मात्र नाही. मुलीच्या सोयरिकीसाठी, दवाखान्यासाठी, तीर्थयात्रेसाठी केलेला प्रवास हा व्यापारी हेतूचा नव्हे. प्रवासी व्यापारी आहे एवढ्यावरून त्याचा प्रत्येक प्रवास व्यापारी ठरत नाही. शिवाय लीलावती कीर्तिलाल मेहता मेडिकल ट्रस्ट प्रकरणात नोव्हेंबर २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कसोटी घालून दिली आहे: त्या व्यवहाराचा नफा मिळविण्याच्या उद्योगाशी निकटचा व थेट संबंध आहे काय, आणि व्यवहाराचा मुख्य हेतू कोणता, हे पाहावयाचे. तेथे एका वैद्यकीय न्यासाने परिचारिकांच्या निवासासाठी घेतलेली घरे व्यापारी हेतूची नव्हेत, असे ठरले. श्रीराम चिट्स प्रकरणात मे २०२४ मध्ये त्याच न्यायालयाने आणखी एक मौलिक गोष्ट सांगितली. सेवा व्यापारी हेतूने घेतली होती, हे सिद्ध करण्याचा भार सेवा देणाऱ्या पक्षावर आहे. जुलै २०२४ मध्ये, संचालकाच्या वापरासाठी कंपनीच्या नावे घेतलेल्या मोटारीच्या प्रकरणातही, मोटार कंपनीच्या नावे आहे एवढ्यावरून व्यापारी हेतू मानला गेला नाही.

येथे आपल्या कीर्दीचा प्रश्न येतो. मोटारवाल्या कंपनीस व्यापारी हेतू सिद्ध करावयाचा झाला, तर पुरावा कोठून मिळणार? आपल्याच वह्यांतून. भाड्याची रक्कम पेढीच्या खात्यातून दिली, ‘प्रवासखर्च’ म्हणून पेढीच्या नावे टाकली, ॲपवर पेढीचे नाव व जी.एस.टी. क्रमांक नोंदविला आणि मग आयोगापुढे ‘हा माझा खासगी प्रवास’ असे म्हटले, तर ते कोण मानील? घरच्या प्रवासाचे भाडे घरखर्चात आणि पेढीच्या प्रवासाचे पेढीत, ही शिस्त आपल्या जुन्या मुनीमांनी हिशेबासाठी पाळली. आता ती हक्कासाठीही पाळावयास हवी. दोन्ही हेतूंच्या मिश्र प्रवासात मुख्य हेतू कोणता याचे खरे उत्तर तक्रारीतच लिहावे. लपविलेली गोष्ट उलटतपासणीत निघाली की चांगली तक्रारही बुडते.

आणि जो प्रवास निखळ व्यापाराचाच होता, त्याचे काय? त्यासाठी स्थायी लोक अदालत ही दुसरी जागा आहे. तिची माहिती फार थोड्यांना असते. विधी सेवा प्राधिकरण कायद्यात २००२ साली झालेल्या दुरुस्तीने ती निर्माण झाली असून ‘सार्वजनिक उपयोगाच्या सेवां’चे तंटे ती ऐकते. रस्त्याने होणारी प्रवाशांची व मालाची वाहतूक या सेवांत स्पष्टपणे मोडते. येथे ‘ग्राहक’ असण्याची अट नाही, फी नाही आणि मर्यादा एक कोटी रुपयांची आहे. आधी तडजोडीचा प्रयत्न होतो. तो फसल्यास ही अदालत गुणदोषांवर निर्णय देऊ शकते, आणि कर्नाटकातून गेलेल्या कॅनरा बँकेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने मे २०२२ मध्ये तिच्या या अधिकारास पुष्टी दिली आहे. बेळगावात अशी अदालत आहे. मात्र तंटा दुसऱ्या न्यायालयात नेण्यापूर्वीच येथे अर्ज करावा लागतो, निर्णयावर अपील नाही, आणि ‘आम्ही वाहतूक करीत नाही, केवळ मध्यस्थ आहो’ हे हत्यार कंपनी येथेही उपसणार, हे गृहीत धरावे.

तक्रारीचा खरा पाया मात्र कायद्याच्या कलमांत नसून मोटारीत बसताना आपण काय जपून ठेवले यात असतो. तंबाखूच्या एका बोदाच्या वजनाची चिठ्ठी वर्षभर जपणारा आपला माणूस मोटारीची पावती पाहतही नाही. मोटार मागविताना दाखविलेले भाडे, चालकाचे नाव, गाडीचा क्रमांक, मागणीची व आगमनाची वेळ, नकाशावरील मार्ग, प्रत्यक्ष घेतलेली रक्कम आणि पैसे पोहोचल्याची नोंद, यांची छायाचित्रे पडद्यावरूनच काढून ठेवावीत. कारण ॲपवरील मजकूर कंपनीच्या स्वाधीन असतो, आपल्या नव्हे. रोख रक्कम दिली असेल तर पावतीचा आग्रह धरावा. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ऑक्टोबर २०२४ मध्ये ओला कंपनीस असा आदेश दिला की, परतावा केवळ पुढील प्रवासाच्या कुपनात न देता ग्राहकाच्या इच्छेप्रमाणे बँक खात्यात द्यावा आणि रिक्षाच्या प्रवासाचेही बिल द्यावे. कर्नाटकात तर दराचाच आधार आहे. राज्य सरकारने फेब्रुवारी २०२४ मध्ये सर्व टॅक्सींसाठी एकच दर ठरविले, त्यांत दहा लाखांपर्यंत किमतीच्या मोटारीस पहिल्या ४ किलोमीटरना १०० रुपये व पुढे किलोमीटरला २४ रुपये असा दर होता. प्रवासाच्या दिवशी लागू असलेला दर पाहून पावती त्याच्याशी ताडून पाहणे हे व्यापाऱ्यास अवघड नाही.

तक्रार प्रथम कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याकडे लेखी करावी. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे त्याने ४८ तासांत पोच द्यावयाची असते आणि एका महिन्यात निवारण करावयाचे असते. तेथे दाद न लागल्यास १९१५ या क्रमांकावर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईन आहे. पुष्कळ किरकोळ परतावे तेथेच मिटतात. त्यानंतर कंपनीच्या नोंदलेल्या पत्त्यावर नोटीस पाठवावी. जुने रजिस्टर टपाल २०२५ मध्ये स्पीड पोस्टात विलीन झाले आहे, तेव्हा स्पीड पोस्टाने पाठवून पोच जपावी. आयोगातील तक्रार घरबसल्या ई-जागृती या सरकारी संकेतस्थळावरून दाखल करता येते आणि दिलेला मोबदला पाच लाखांपर्यंत असेल तर फी लागत नाही. तक्रारीसोबत प्रतिज्ञापत्र व वरील छायाचित्रे जोडावीत. सुनावणीस दूरदृश्य पद्धतीने हजर राहण्याची परवानगीही मागता येते. कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत तक्रार दाखल झाली पाहिजे.

कंपनीस उत्तरासाठी ३० दिवस मिळतात आणि फार तर आणखी १५. त्यापलीकडे एक दिवसही वाढवून देण्याचा अधिकार आयोगास नाही, असे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने ४ मार्च २०२० रोजी ठरविले आहे. कायद्याने निर्णयासाठी तीन महिन्यांचे उद्दिष्ट घातले आहे. ते कागदावरचे आहे, हे ठाण्याच्या प्रकरणात २०१८ चा प्रवास आणि २०२२ चा निर्णय या अंतरावरूनच कळते. जो दोन-तीन वर्षे तारखा सांभाळू शकत नाही, त्याने आयोगाच्या मध्यस्थी कक्षातील तडजोड नाकारू नये. पण निर्णय झाला म्हणजे तो कंपनीस सहज टाळता येत नाही. जिल्हा आयोगाच्या आदेशाविरुद्ध ४५ दिवसांत राज्य आयोगाकडे अपील करावयाचे, तर आदेश झालेल्या रकमेची निम्मी रक्कम आधी भरावी लागते. आणि आदेश धाब्यावर बसविल्यास कलम ७२ प्रमाणे एक महिन्यापासून तीन वर्षांपर्यंत कैद, किंवा पंचवीस हजारांपासून एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. त्यासाठी तक्रारदारास त्याच आयोगापुढे वेगळा अर्ज करावा लागतो.